मी बदललेला प्रश्न

निवृत्त झाल्यावर मी दुभाष्याचं काम करू लागले, ते फारसं ठरवून नाही. धारवाडच्या कॉलेजात तेहतीस वर्षं इंग्रजी शिकवलेलं, घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर कानडी. तिन्ही भाषा तोंडात बसलेल्या होत्या. एकदा एका ओळखीच्या बाईंनी आरोग्य शिबिरात बाहेरून आलेल्या डॉक्टरांचं बोलणं बायकांना कानडीत सांगायला बोलावलं. ते बरं झालं म्हणून आणखी कुणी बोलावलं. मग हुबळी-धारवाडात कुठं परिषद असली, पाहुणे इंग्रजी बोलणारे आणि समोरची माणसं कानडी बोलणारी असली, की माझा फोन वाजू लागला.

हा प्रसंग अशाच एका परिषदेतला आहे. चार वर्षं झाली त्याला.

हुबळीत देशपांडे नगरजवळच्या एका सभागृहात दिवसभराचा कार्यक्रम होता. विषय होता तरुणांना काम आणि जगाच्या बाजारात लागणारी कौशल्यं. मंचावर तीन तज्ज्ञ होते. एक परदेशी गृहस्थ, एक बंगळूरचे कंपनीवाले आणि दिल्लीहून आलेल्या एक अर्थशास्त्राच्या प्राध्यापक. या बाई माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान असाव्यात. खादीची साडी, हळू आवाज, प्रत्येक वाक्याआधी किंचित थांबण्याची सवय. मला त्या लगेच आवडल्या. समोर तीनशेच्या आसपास मुलंमुली बसलेली. निरनिराळ्या प्रशिक्षण केंद्रांतून त्यांना बसनं आणलं होतं आणि प्रत्येकाच्या गळ्यात ओळखपत्राची फीत होती.

सकाळी कार्यक्रम सुरू होण्याआधी संयोजक माझ्याजवळ आले. चांगला माणूस, धावपळीनं घामाघूम झालेला. म्हणाले, मॅडम, प्रश्नोत्तरांना वेळ कमी आहे, मुलं लांबण लावतात, तुम्ही जरा थोडक्यात सांगा. आणि वातावरण चांगलं राहील असं बघा, पाहुणे लांबून आलेत. मी हो म्हटलं. त्यात मला काही वावगं वाटलं नाही.

तिन्ही तज्ज्ञ चांगलं बोलले. परदेशी गृहस्थांनी सांगितलं की त्यांच्याकडं देशच्या देश म्हातारे होत चाललेत, आजाऱ्यांना उचलून बसवायला, भरवायला माणसं मिळत नाहीत, आणि तुमच्याकडं तर नुसते तरुणच तरुण. कंपनीवाले म्हणाले, नोकऱ्या आहेत, योग्य मुलं नाहीत. दिल्लीच्या बाई कौशल्यातल्या दरीबद्दल बोलल्या. कागदावरचं शिक्षण एकीकडं आणि काम देणाऱ्याला हवं ते दुसरीकडं, मधे दरी, ती बुजवली पाहिजे. मी सगळं कानडीत सांगत गेले. दुपारपर्यंत घसा दुखू लागला होता.

जेवणानंतर प्रश्न सुरू झाले. तिसरा की चौथा प्रश्न एका मुलीचा होता. चोवीस-पंचवीस वर्षांची, निळ्या चुडीदारमधली, केस घट्ट बांधलेले. माइक हातात आल्यावर तिनं तो दोन्ही हातांनी धरला. मग एका दमात बोलली. ते कानडी शब्द माझ्या कानात आजही तसेच आहेत. मराठीत सांगायचं तर ती असं म्हणाली:

"मी आयटीआय केलं. मग म्हणाले कॉम्प्युटर पाहिजे, तो केला. मग म्हणाले परदेशात म्हाताऱ्या माणसांची सेवा करायला मुली पाहिजेत, तो सहा महिन्यांचा कोर्स केला. आता तुम्ही म्हणता भाषा पाहिजे, वागणं-बोलणं पाहिजे. मला कौशल्य नाही हे खरं, की कामच नाही हे खरं? कामच नसेल तर तसं सांगा, मी घरी जाते. पण माझ्यातच काहीतरी कमी आहे असं दर वेळी सांगू नका."

सभागृहात मागं कुणीतरी टाळी वाजवली आणि लगेच थांबवली. संयोजक पहिल्या रांगेतून माझ्याकडं बघत होते. तिन्ही पाहुणे मान पुढं करून, हसतमुखानं, मी काय सांगते याची वाट बघत होते.

मी इंग्रजीत म्हटलं की या मुलीनं बरेच कोर्स केले आहेत आणि येत्या काळात कोणत्या कौशल्याला सर्वांत जास्त मागणी असेल असं तिला विचारायचं आहे.

वाक्य तोंडातून गेलं तेव्हा मला काही चुकल्यासारखं वाटलंही नाही, हे मला कबूल केलं पाहिजे. उलट अवघड वळण नीट पार केल्यासारखं वाटलं. दिल्लीच्या बाईंनी अगदी आपुलकीनं उत्तर दिलं. फार छान प्रश्न आहे म्हणाल्या. मग शुश्रूषा, परकी भाषा, संगणकावरची कामं असं एकेक सांगून, शिकत राहा, थांबू नका, असं म्हणाल्या. मी ते कानडीत सांगू लागले. तेवढ्यात ती मुलगी, माइक अजून तिच्याच हातात होता, माझ्याकडं बघून म्हणाली, "ना हंग अंदिल्ल्री, अक्का."

म्हणजे, मी तसं म्हटलं नाही. एवढंच. आवाज चढलेला नव्हता. तिला बोलता येत नसलं तरी माझं इंग्रजी कळण्याइतपत इंग्रजी येत होतं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. एका स्वयंसेवकानं तिच्या हातून माइक घेतला आणि पलीकडच्या मुलाला दिला. ती खाली बसली. मी पुढच्या प्रश्नाकडं वळले.

त्या संध्याकाळी बसनं धारवाडला परतताना मला अप्पांची आठवण झाली. अप्पा म्हणजे माझे वडील. ते धारवाडच्या कोर्टात भाषांतरकार होते. मराठी आणि कानडी साक्षीदारांचं म्हणणं इंग्रजीत करून सांगायचं, हे त्यांचं जन्मभराचं काम. घरात अत्यंत सोवळा माणूस. रागावले तरी अपशब्द म्हणून नाही. एकदा एका शिपायानं आमच्या आईला हसत हसत सांगितलं की आज साहेबांनी भर कोर्टात काय काय शिव्या दिल्या. कुणा साक्षीदारानं भांडणात वापरलेल्या शिव्या अप्पांनी एकही न गाळता, एकसुरी आवाजात, न्यायाधीशांना इंग्रजीत सांगितल्या होत्या. मी तेव्हा बारा-तेरा वर्षांची होते. रात्रीच्या जेवणाला मी त्यांना विचारलं, तुम्हाला लाज नाही वाटली? ते म्हणाले, "बोलणारा तो. माझं तोंड तेवढं. मी त्याची शिवी गिळली, तर उद्या त्याची दाद पण गिळीन."

त्या बसमध्येच मला कळलं की मी काय गिळलं होतं.

दोन-तीन दिवस मी स्वतःला समजावत राहिले. तिचा खरा प्रश्न सांगितला असता तरी तज्ज्ञांनी काय वेगळं सांगितलं असतं? पण मग वाटायचं, तो विचार करणं माझं काम नव्हतंच. शेवटी मी संयोजकांना फोन केला आणि त्या मुलीचा नंबर मागितला. त्यांनी आधी काही तक्रार आहे का विचारलं. मी म्हटलं, तक्रार नाही, माझंच एक काम राहिलंय. नोंदणीच्या यादीतून शोधून त्यांनी नंबर दिला.

फोनवर मी कोण ते सांगितलं, तुला भेटायचं आहे म्हटलं. ती म्हणाली, रविवारी घरी या. घर रायापूरला होतं, मोठ्या रस्त्यापासून आत, दोन खोल्यांचं. तिची आई एका शाळेत दुपारचं जेवण रांधायचं काम करायची. आईनं मला खुर्ची दिली, चुरमुऱ्यांचं गिरमिट आणि चहा दिला. मी कशाला आले हे तिला ठाऊक नव्हतं, एवढ्या वयाच्या मास्तरीणबाई घरी आल्या याचंच तिला अप्रूप वाटत होतं. मुलगी समोर भिंतीला टेकून बसली.

मी आढेवेढे घेतले नाहीत. त्या दिवशी तुझं बोलणं मी बदललं, ते चुकीचं होतं, मला माफ कर, असं म्हटलं. तिनं मान हलवली, पण माफ केलं असं काही म्हणाली नाही. तिनं विचारलं, का बदललं? मी म्हटलं, पाहुण्यांना वाईट वाटेल म्हणून. तिला ते पटलं असावं. म्हणाली, आमच्या केंद्रातल्या बाईपण असंच करतात, बाहेरचं कुणी आलं की आमच्या वतीनं त्याच बोलतात.

मग तिनं एक गोष्ट मागितली. तिचा प्रश्न तिनं विचारला तसा इंग्रजीत लिहून हवा होता, आणि तो त्या दिल्लीच्या बाईंना पाठवायचा होता. मी पर्समधली वही काढली. ती एकेक वाक्य बोलली, मी लिहिलं, आणि प्रत्येक वाक्य तिला परत कानडीत करून सांगितलं. एके ठिकाणी तिनं मला थांबवलं. 'तसं सांगा' याच्या जागी मी इंग्रजीत 'कृपया तसं सांगावं' अशा अर्थाचं काहीतरी लिहिलं होतं. ती म्हणाली, मी कृपया म्हटलं नव्हतं. मी तो शब्द खोडला. घरी येऊन ते पत्र बाईंच्या पत्त्यावर मेल केलं. वर माझ्या चार ओळी लिहिल्या, की त्या दिवशी मी हा प्रश्न बदलून सांगितला, आणि मूळ प्रश्न खाली आहे.

उत्तर येईल असं मला वाटलं नव्हतं. पण तीनेक आठवड्यांनी आलं. बाईंनी लिहिलं होतं की मुलगी त्यांना चांगली आठवते, आणि आपण भलत्याच प्रश्नाला उत्तर दिलं याचं त्यांना वाईट वाटतं. पुढं लिहिलं होतं की या प्रश्नाचं उत्तर माझ्यापाशी नाही. त्या दिवशी तो मला नीट कळला असता तरी बहुधा मी तेच उत्तर दिलं असतं, कारण अशा सभांमधून तेच द्यायची आम्हाला सवय झाली आहे. आणि शेवटी एक वाक्य होतं, की आमच्या तक्त्यांमध्ये दर प्रमाणपत्राला एक माणूस धरतात, त्यामुळं तीन कोर्स केलेली एक मुलगी तिथं तीन प्रशिक्षित तरुण म्हणून मोजली जाते.

मी रायापूरला जाऊन तिला ते वाचून दाखवलं. शेवटचं वाक्य तिनं परत वाचायला लावलं. मग म्हणाली, "म्हणजे मी तिघी आहे. आणि तिघींनाही काम नाही." तिची आई चुलीपाशी होती, तिनं वळून बघितलं. कुणी हसलं नाही.

त्यानंतर ती आठवड्यातून दोनदा माझ्याकडं इंग्रजी बोलायला शिकायला येऊ लागली. मीच सुचवलं होतं. ती सुभाष रोडवरून माझ्यासाठी कधी भाजी घेऊन यायची, तेवढंच. शिकवताना तिची हकीगत तुकड्या-तुकड्यानं कळत गेली. शुश्रूषेचा कोर्स झाल्यावर तिला एका छोट्या इस्पितळात शिकाऊ म्हणून घेतलं होतं. आठ महिने तिनं तिथं फरशी पुसली आणि बेडपॅन धुतली. रक्तदाब कसा बघायचा ते दाखवा म्हटलं, तर म्हणाले, ते सिस्टरांचं काम, तुझं नाही. परिषदेच्या आधीच्याच महिन्यात तिनं ते सोडलं होतं.

वर्षभरानं एक संधी आली. आखाती देशातली एक कंपनी, घरी जाऊन म्हाताऱ्या आजारी माणसांची काळजी घेणाऱ्या बायका नेमणारी. हुबळीतल्या एका एजन्सीच्या ऑफिसात व्हिडिओवरून मुलाखती होत्या. इंग्रजी कच्चं असेल तर उमेदवारानं आपला दुभाषी आणला तरी चालणार होतं. तिचं इंग्रजी सुधारलं होतं, पण अजून घाबरली की शब्द अडायचे. ती म्हणाली, अक्का, तुम्ही चला. आणि आत जाण्याआधी जिन्यात थांबून म्हणाली, मी म्हणते तेच सांगा. मी हो म्हटलं.

पडद्यावर एक मध्यमवयीन परदेशी बाई होत्या. स्वभावानं सौम्य वाटल्या. रोग्याला कुशीवर कसं वळवतात, पाठीला जखम होऊ नये म्हणून काय करतात, हे त्यांनी विचारलं आणि तिनं नीट सांगितलं, अर्धं तर स्वतःच इंग्रजीत. बाई खूश दिसत होत्या. मग त्यांनी सहज विचारलं, आधीचं काम का सोडलंत?

ती कानडीत बोलली. म्हणाली, तिथं शिकाऊ म्हणून घेतलं आणि आठ महिने नुसती साफसफाई करवून घेतली. शिकवा म्हटलं तर शिकवलं नाही, म्हणून सोडलं.

माझ्या तोंडापर्यंत एक वाक्य आलं होतं. तिला आणखी शिकायची इच्छा होती म्हणून तिनं काम सोडलं. ते खोटंही नव्हतं. त्यानं तिचं भलंच झालं असतं. मी तिच्याकडं बघितलं. ती पडद्याकडं बघत होती. मी ती म्हणाली तसं, शब्दाला शब्द, सांगितलं.

बाईंचा चेहरा थोडा बदलला. त्यांनी विचारलं, म्हणजे साफसफाई करायला तुमची हरकत आहे का? आमच्याकडं घरी ते काम असतंच.

ती म्हणाली, "साफसफाई करीन. पण तिला ट्रेनिंग म्हणू नका."

तेही मी तसंच सांगितलं. बाईंनी काहीतरी लिहून घेतलं, आभार मानले आणि पुढच्या उमेदवाराला बोलावलं. आठवड्याभरानं एजन्सीतून कळलं की निवड झाली नाही. कारण विचारलं तर वृत्ती बरोबर वाटली नाही म्हणाले.

ते तिला सांगायला मी गेले, तेव्हा तिची आई पहिल्यांदाच माझ्याशी तुटक बोलली. मुलीनं तिला सगळं सांगितलं असणार. आई म्हणाली, पहिल्या वेळी तुम्ही पाहुण्यांसाठी बदललंत, मग आमच्या लेकीसाठी एकदा बदललं असतं तर काय बिघडलं असतं? मुलगी आईला म्हणाली, मीच सांगितलं होतं तसं. पण ती माझ्याकडं बघून बोलली नाही, आणि पुढं तीन महिने शिकायला आली नाही. मीही फोन केला नाही. लाज वाटत होती, की आपण बरोबर होतो असा ताठा होता, नक्की सांगता येत नाही. अप्पांनी काय केलं असतं, हे मला ठाऊक होतं. पण अप्पांचं काम न्यायाधीशांपुढं असायचं. समोर न्याय करायला कुणीतरी बसलेलं असायचं. इथं तसं कुणी नव्हतं.

मग एके दिवशी तिचाच फोन आला. हुबळीतल्या एका इस्पितळात, डायलिसिसच्या विभागात तिला मदतनीस म्हणून घेतलं होतं. तिथल्या मुख्य सिस्टर वयस्क, कडक, पण हातातलं काम दाखवणाऱ्या होत्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी तिला यंत्राच्या नळ्या जोडायला बसवलं, चुकली तर रागावल्या, आणि परत करायला लावलं. हे सांगताना तिचा आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता तसा मोकळा होता. फोन कशासाठी केला, तर खानापूरकडची एक आजी आठवड्यातून दोनदा येते, तिला मराठीशिवाय काही येत नाही, आणि घरचं माणूस तिला सोडून निघून जातं. सुई टोचलेला हात ती सारखा हलवते. मला चार मराठी वाक्यं द्या.

मी हात, सुई, दुखणं, चक्कर अशी दहा-बारा वाक्यं कानडी लिपीत लिहून पाठवली. पुढच्या आठवड्यात मी विचारलं, उपयोग झाला का? ती म्हणाली, आजींना तुमची मराठी कळली नाही. मी लिहिलं होतं, 'कृपया हात स्थिर ठेवा.' आजीनं दोनदा ऐकलं आणि तिला सांगितलं, "हात हालवू नको, असं म्हण की." आता आजीच तिला रोज दोन शब्द शिकवते.

गेल्या हिवाळ्यात मी एका नातेवाइकाला भेटायला त्याच इस्पितळात गेले होते, तेव्हा तिच्या विभागात डोकावले. ती मला बाहेरच्या बाकावर घेऊन आली. परदेशाचं अजून डोक्यात आहे का विचारलं. म्हणाली, कधीकधी येतं, फॉर्म भरायचा म्हणते, मग राहून जातं. पगार फार नाही, आई अजून शाळेत रांधते. बोलता बोलता मी शेवटी विचारलंच, की त्या मुलाखतीत मी ते वाक्य बदललं असतं तर तुला बरं वाटलं असतं का?

"तुम्ही बदललं असतं तर मी गेले असते," ती म्हणाली. "जाऊन काय झालं असतं ते मला माहीत नाही. तुम्हालाही माहीत नाही."

मी तिचा हात हातात घेतला. तिनं तो काढून घेतला नाही. आतून सिस्टरांनी तिला हाक मारली. दुसऱ्या पाळीचे पेशंट आले होते, त्यांना यंत्राला जोडायला ती आत गेली.